पत्र्याची खोली, ४२ अंश आणि हीटसिंकवाली रॅम

परभणीतला एक फोटो स्टुडिओ. खाली दुकान, वर पत्र्याची खोली आणि त्या खोलीत लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणारं मशीन. एप्रिल लागला की लगीनसराई आणि ऊन दोन्ही एकदमच जोरात येतात, आणि नेमकं त्याच दिवसांत मशीन बंद पडू लागलं. मालकाची तक्रार अशी: "सकाळी काहीच त्रास नाही. दुपारच्याला एक्स्पोर्ट (तयार व्हिडिओची फाइल बनवणं) लावलं की निळी स्क्रीन. रात्री पुन्हा ठणठणीत."

कॉम्प्युटरवाल्याचं निदान तयार होतं. रॅम तापते, हीटसिंकवाली रॅम टाका, नाहीतर आहे त्या रॅमला हीटस्प्रेडर, म्हणजे उष्णता पसरवणारं धातूचं कवच, चिकटवा. मालकाने ऑनलाइन दोन ॲल्युमिनियमचे स्प्रेडर मागवलेही. ते बसवावेत की नाही, आणि बसवले तर नेमका किती फरक पडेल, हा या प्रकरणाचा विषय.

हे एकाच दुकानाचं प्रकरण नाही. मराठवाड्यातल्या अशा खोल्यांमध्ये जी जोडणी आणि ज्या चुका पुन्हापुन्हा दिसतात त्या एका जागी आणून ते रचलं आहे. तापमानाचे आकडेही अशा मशीनवर अशा खोलीत ज्या घरात येतात तेच धरले आहेत. तुमच्याकडे दोन-चार अंश इकडेतिकडे होतील, हिशोब तोच राहील.

मशीनमध्ये काय होतं

रायझन ५ ३६०० प्रोसेसर, त्यावर कंपनीने सोबत दिलेलाच कुलर. बी४५० चिपसेटचा, रॅमच्या चार स्लॉटचा बोर्ड. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, म्हणजे पूर्ण भारावर १७० वॅटच्या आसपास. कॅबिनेट दिसायला झकपक, समोर अखंड काच, मागे एकच १२० मिलिमीटरचा पंखा, आणि समोरून हवा आत घेणारा पंखा एकही नाही. बरीच 'गेमिंग' कॅबिनेटं अशीच असतात. समोरची काच शोभेची, हवा मात्र कडेच्या फटीतून जेवढी शिरेल तेवढीच.

रॅम डीडीआर४, चार काड्या. त्यातल्या दोन ८ जीबीच्या, जुन्या, उघड्या, हिरव्या बोर्डाच्या, स्टिकरवर पीसी४-२१३०० असं छापलेलं. दोन १६ जीबीच्या, गेल्या दिवाळीत घेतलेल्या, काळ्या ॲल्युमिनियमच्या कवचातल्या, पीसी४-२५६००. हे छापील आकडे वाचायची सवय लावून घ्यावी. २१३०० म्हणजे २६६६ च्या वेगाची आणि २५६०० म्हणजे ३२०० च्या वेगाची काडी. दिवाळीत नवीन रॅम बसवताना बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवण्याचं तयार सेटिंग, चालू केलं गेलं आणि चारही काड्या ३२०० वर, १.३५ व्होल्टवर धावू लागल्या. दिवाळी ते मार्च तशा धावल्याही.

सुरुवातीला जे करून पाहिलं

आधी विंडोज नव्याने टाकलं. फरक नाही.

मग रॅम काढून खोडरबरने कडा घासल्या, स्लॉट ब्रशने झाडले आणि पुन्हा बसवली. मशीन तीन दिवस न अडखळता चाललं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, कॉम्प्युटरवाल्याने पैसेही घेतले. पण ते तीन दिवस अवकाळी पावसाचे होते. आभाळ दाटलेलं, दुपारी पारा ३४ च्या वर गेलेला नाही. ऊन परतलं तशी निळी स्क्रीनही परतली.

अशा प्रकरणात दुरुस्ती फसते ती बहुतेक इथेच. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दोन दिवसांत खोलीचं तापमान आठ-दहा अंशांनी वरखाली होऊ शकतं. त्या दिवशी तुम्ही जे काही केलं असेल त्याला श्रेय मिळून जातं. म्हणून प्रत्येक चाचणीसमोर खोलीचं तापमान लिहायचं. शंभर-दीडशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर आणि एक वही एवढं पुरतं. तापमान लिहिलेलं नसेल तर ती चाचणी झालीच नाही असं समजा.

खोडरबर हा उपाय तसा वाईट नाही. खोली गार करणारा पाण्याचा कुलर असेल तर संपर्काच्या कडांवर थर बसतोच, आणि इकडचं बोअरचं पाणी क्षारांचं. कुलरचा झोत थेट मशीनवर असेल तर तुषारांबरोबर क्षारही बोर्डावर जाऊन बसतात, सुकल्यावर पांढरट ठिपके दिसतात. मऊ पांढरा खोडरबर एका दिशेने दोन-तीनदा फिरवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. शाईचा खरखरीत खोडरबर नको, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची. पण संपर्क खराब असेल तर बिघाड घड्याळ पाहून येत नाही. इथे तो दुपारीच येत होता.

रॅमच आहे का, हे आधी ठरवणं

निळ्या स्क्रीनवर कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' येत होतं. कोड दर वेळी वेगळा येणं हा रॅमकडे बोट दाखवणारा इशारा आहे, पुरावा नव्हे. दुसरी खूण जास्त बोलकी होती: एक्स्पोर्ट पूर्ण झालेल्या काही फाइलींत मध्येच हिरवे चौकोन, आणि पुन्हा एक्स्पोर्ट केलं की ते दुसऱ्याच जागी.

मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवला. रात्री, खोली २९ अंश, चार फेऱ्या, एकही चूक नाही. दुपारी, खोली ४२ अंश, तासाभराने चुका दिसू लागल्या. मात्र मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड निवांत असतं. कॅबिनेटमध्ये १७० वॅट ओतणारा गडी झोपलेला असताना रॅमभोवतीची हवा प्रत्यक्ष कामापेक्षा थंड राहते. त्यामुळे मेमटेस्ट दुपारी पास झालं असतं तरी रॅम सुटली असं म्हणता आलं नसतं. खरी परीक्षा विंडोजमध्ये: एका बाजूला टेस्टमेम५ सारखी रॅमची चाचणी, दुसऱ्या बाजूला नेहमीचंच एक्स्पोर्ट, दोन्ही एकदम, किमान दोन तास.

या टप्प्यावर एक गोष्ट सगळ्यांत आधी थांबवायला हवी होती, ती म्हणजे याच मशीनवर कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करणं. फाइल कॉपी होताना रॅममधूनच जाते. रॅम एखादा बिट उलटवत असेल तर कॉपी 'यशस्वी' दिसते आणि आत क्लिप खराब असते. लग्नाचं शूटिंग पुन्हा होत नाही. म्हणून रॅमवर संशय असेपर्यंत कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करायची नाहीत, आणि दुसऱ्या मशीनवर कॉपी करून मूळ फाइल व कॉपी यांचे हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) ताडून पाहायचे. विंडोजमध्येच सर्टयुटिल नावाची कमांड आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

तापमान कसं मोजलं

डीडीआर५ च्या काडीवर तापमानाचा सेन्सर असतोच. डीडीआर४ च्या साध्या काड्यांवर बहुधा नसतो, आणि या चारांपैकी एकीवरही नव्हता. तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये रॅमचं तापमान दिसलं नाही तर हेच कारण. प्रोग्राम बिघडलेला नाही.

दुरून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन घेऊन रॅमवर नेम धरणं हा नेहमीचा घोटाळा. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी उत्सर्जित करतं आणि आजूबाजूची परावर्तित करतं, म्हणून गन बराच खोटा, बहुधा कमी आकडा दाखवते. 'हीटसिंकवाली रॅम किती थंड आहे बघा' हा दुकानातला प्रयोग निम्मा यावरच चालतो. गनच वापरायची असेल तर धातूवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा.

त्यापेक्षा के-टाइप थर्मोकपल, म्हणजे टोकाशी तापमान मोजणारी तार, बरा. तापमान मोजणाऱ्या साध्या मल्टिमीटरसोबत तो येतो. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मल्टिमीटर आणि उष्णता सोसणारी पिवळी कॅप्टॉन टेप दोन्ही असतात. थर्मोकपलचं टोक मधल्या चिपच्या पाठीवर टेकवून कॅप्टॉन टेपने घट्ट चिकटवायचं, तार स्लॉटच्या कडेने बाहेर काढायची, झाकण लावायचं आणि अर्धा तास भार देऊन मग वाचायचं. झाकण उघडं ठेवून घेतलेल्या वाचनाला काही अर्थ नाही.

दुपारी, खोली ४२ अंश, एक्स्पोर्ट आणि रॅमची चाचणी दोन्ही चालू: रॅमजवळची हवा ५२. प्रोसेसरकडून मोजत गेलं तर पहिल्या स्लॉटमधली उघडी ८ जीबी ६१ अंश, दुसऱ्यातली कवचवाली १६ जीबी ६७, तिसऱ्यातली उघडी ८ जीबी ६८, चौथ्यातली कवचवाली ६३.

हे आकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहेत. चारांत सगळ्यांत थंड काडी उघडी आहे, आणि कवचवाली एक काडी तिच्यापेक्षा सहा अंशांनी गरम. कारण पहिला स्लॉट प्रोसेसरच्या कुलरला लागून आहे. रायझनसोबत येणारा हा बुटका कुलर हवा खाली बोर्डावर फेकतो आणि ती चारी बाजूंना पसरते. ती हवा गरम असली तरी हलती असते. मधल्या दोन काड्या दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांमध्ये दबलेल्या. दोन स्लॉटमधलं अंतर जेमतेम एक सेंटीमीटर, त्यात कवचाची जाडी गेली की हवेला उरते बारीक फट. जागा आणि हवा यांनी ठरवलेला हा क्रम आहे, कवचाने तो बदललेला नाही. (प्रोसेसरला पाण्याचा कुलर बसवल्यावर रॅम आधीपेक्षा गरम झाल्याच्या तक्रारी येतात, त्याचं कारणही हेच.)

कवच किती उष्णता काढतं: हिशोब

८ जीबीची डीडीआर४ काडी पूर्ण भारावर साधारण दोन ते तीन वॅट खाते. अडीच धरू. त्यावर आठ चिप, म्हणजे चिपमागे ०.३१ वॅट. याच मशीनमधला प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत जातो आणि ती सगळी उष्णता नखाएवढ्या तुकड्यांतून बाहेर येते, म्हणून त्याला हीटसिंक नसेल तर काही सेकंदांत खेळ आटोपतो. रॅममध्ये उष्णता आधीच लांबच्या लांब पसरलेली आहे. शिवाय चिपखालच्या बारीक गोळ्यांतून ती काडीच्या तांब्याच्या थरांत उतरते. काडी स्वतःच एक स्प्रेडर आहे.

आता क्षेत्रफळ. उघडी डीडीआर४ काडी १३३ मिलिमीटर लांब, ३१ उंच. दोन्ही बाजू मिळून सुमारे ८२ चौरस सेंटीमीटर. बंद, स्थिर हवेत पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून दर अंश फरकामागे ढोबळमानाने १० वॅट निघतात. पंख्याने हवा खेळती असेल तर ३० च्या घरात. म्हणजे एकट्या उघड्या काडीचं तापमान भोवतालच्या हवेपेक्षा स्थिर हवेत सुमारे ३० अंशांनी चढेल, खेळत्या हवेत १० अंशांनी.

४० मिलिमीटर उंचीचं सपाट कवच चढवलं की क्षेत्रफळ १०६ चौरस सेंटीमीटर होतं. स्थिर हवेत चढ साडेतेवीस, खेळत्या हवेत आठाच्या आतच. याचा अर्थ स्थिर हवेत कवच सहा-सात अंश काढू शकतं, पण शेजारी मोकळी जागा असेल तर. खेळत्या हवेत दोन. आणि एक पंखा, कवच नसतानाही, वीस.

कवच म्हणजे नुसती शोभा, असं सरसकट म्हणणारे म्हणूनच अर्धवट बरोबर आहेत. कवच काम करतं, फक्त फार थोडं, आणि जिथे हवा अजिबात हलत नाही तिथे त्यातल्या त्यात जास्त. चिप आणि कवच यांच्यामधल्या चिकट पट्टीला दोष देणंही बरोबर नाही. अर्धा मिलिमीटर जाडीची, साधारण प्रतीची पट्टी धरली, ८ बाय ११ मिलिमीटरच्या चिपवर, तरी ०.३१ वॅटला तिच्यात पावणेदोन अंशच गळतात. अडचण पुढे आहे. धातूपर्यंत आलेली उष्णता हवेत कशी जाणार? आणि ती हवाच ५२ अंशांची असेल तर कवच, कितीही जाड असो, रॅमला ५२ च्या खाली नेऊ शकत नाही.

एक बारकावा खरेदीच्या वेळचा. हल्लीच्या बऱ्याच ८ जीबीच्या काड्यांवर चिप एकाच बाजूला असतात. दुसऱ्या बाजूचं कवच नुसत्या बोर्डावर किंवा फोमच्या पट्टीवर टेकलेलं असतं. खिडकीतून पाहायला दोन्ही बाजू सारख्याच देखण्या, उष्णतेच्या कामाला एक बाजू जवळजवळ सुट्टीवर.

मग ६८ अंशांना चुका का?

डीडीआर४ चिपची नेहमीच्या कामाची मर्यादा आहे चिपच्या पाठीवर ८५ अंश. ८५ ते ९५ पर्यंतही ती चालते, मात्र रिफ्रेश, म्हणजे पेशींतला विद्युतभार पुन्हा भरणं, दुप्पट वेगाने करावा लागतो. एरवी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी होणारा रिफ्रेश ३.९ वर आणावा लागतो. कारण प्रत्येक पेशीतला विद्युतभार गळत असतो आणि तापमान वाढलं की गळती वाढते. ढोबळ नियम असा की दर दहा अंशांमागे भार टिकण्याचा काळ निम्मा होतो.

६८ म्हणजे ८५ पासून सतरा अंश लांब. चिप उष्णतेने मर्यादेबाहेर गेलेली नाही. पण ८५ ची ही हमी चिपला ठरवून दिलेल्या वेगाची आणि व्होल्टेजची आहे. जुन्या दोन काड्या २६६६ आणि १.२ व्होल्टच्या. त्यांना ३२०० वर पळवलं की त्या काड्यांसाठी ते ओव्हरक्लॉकिंगच, भले कोणी ते मुद्दाम केलेलं नसो. आणि बाजू फक्त काड्यांचीच नाही. रायझन ३६०० चा मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम हाताळणारा भाग) दोन काड्यांना ३२०० पर्यंत अधिकृतपणे धरतो. चारही स्लॉट भरले की हा आकडा सिंगल रँकच्या (चिपचा एकच संच असलेल्या) काड्यांना २९३३ आणि ड्युअल रँकच्या (दोन संच असलेल्या) काड्यांना २६६७ वर येतो. इथे चार काड्या, दोन जातींच्या, ३२०० वर.

म्हणजे दिवाळीपासून हे मशीन काठावरच चालत होतं. हिवाळ्यात काठापासून आत राहिलं, ऊन चढलं तसं बाहेर गेलं. उष्णतेने चूक घडवली हे खरं, पण चुकीला जागा दिली ती सेटिंगने.

हा तर्क आहे, तो तपासल्याशिवाय मान्य करू नये. चाचण्या एकाच प्रकारच्या दुपारी, खोली ४१ ते ४२ अंश असताना, आणि एका वेळी एकच बदल करून घेतल्या.

पहिली: सेटिंग तेच, समोरची काच काढून तिथे १२० मिलिमीटरचा पंखा आत हवा फेकेल असा लावला. रॅमजवळची हवा ५२ वरून ४६, तिसऱ्या स्लॉटमधली काडी ६८ वरून ५६. बारा अंशांचा उतार. चुका कमी झाल्या, उशिरा आल्या, पण आल्या.

दुसरी: पंखा काढला, काच परत लावली. बायोसमध्ये एक्सएमपी बंद, वेग २६६६, व्होल्टेज १.२०, टायमिंग ऑटोवर. व्होल्टेज १.३५ वरून १.२ केलं की इतर गोष्टी तशाच ठेवल्या तरी वीज वर्गाच्या प्रमाणात कमी होते. १.३५ ला ती सव्वापटीहून थोडी जास्त असते. काडी ६३ अंशांवर स्थिरावली. चुका शून्य, रात्रभर ठेवलं तरी आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा लावलं तरी.

५६ अंशांची काडी चुकते आणि ६३ अंशांची चुकत नाही. प्रकरण इथेच निकाली निघतं.

तिसरी चाचणी मालकाच्या समाधानासाठी: ऑनलाइन आलेलं कवच तिसऱ्या स्लॉटमधल्या उघड्या काडीवर चढवलं, पंखा नाही, एक्सएमपी चालू. धातूवर ६३, पट्टीतली गळती धरून चिपवर ६५. तीन अंशांचा फायदा. हिशोबातले सहा-सात एकट्या काडीचे होते, दोन शेजाऱ्यांत दबलेल्या काडीला त्यातले निम्मेच मिळाले. चुका पूर्वीसारख्याच. पंखा लावून हीच चाचणी केली तर फरक एका अंशावर आला, म्हणजे थर्मोकपलच्या अचूकतेच्याही आत.

स्वतः कवच चढवणार असाल तर दोन धोके माहीत असू द्या. चिपची उंची आणि कडेचे बारीक कपॅसिटर पाहून पट्टी कापावी लागते, धातू कपॅसिटरला टेकला तर शॉर्ट होतो. दुसरा धोका कवच काढतानाचा. थंड असताना ओढलं तर पट्टीबरोबर चिपच उपटून येते. हेअर ड्रायरने काडी चांगली कोमट करायची आणि मासेमारीची नायलॉनची दोरी कडेपासून पट्टीतून हळूहळू करवतीसारखी फिरवायची. कंपनीने लावलेलं कवच काढलं की वॉरंटी गेली. या प्रकरणात चढवलेलं कवच तसंच राहू दिलं, कारण ते काढण्यात फायदा काहीच नव्हता आणि जोखीम होती.

शेवटी काय ठेवलं

८ जीबीच्या दोन्ही काड्या काढल्या. १६ जीबीच्या दोन काड्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, एक्सएमपी चालू, ३२०० वर. अशा बोर्डांवर दोनच काड्या असतील तर त्यांची जागा हीच. एकमेकींपासून लांब बसल्याने हवेलाही वाट मिळते. ३२ जीबीत फुल एचडी लग्नाचं मिक्सिंग आरामात होतं. तीन-चार कॅमेऱ्यांचं फोरके असेल आणि ४८ जीबी हवीच असेल तर चारही काड्या २६६६ वर ठेवाव्यात. रायझनमध्ये रॅमचा वेग उतरला की आतल्या जोडणीचाही उतरतो, एक्स्पोर्टला थोडा जास्त वेळ लागतो, पण फाइल धड निघते. वेग खरंच बदलला का हे सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये पाहताना १३३३ हा आकडा दिसला तर घाबरू नये, तो घड्याळाचा असतो, डेटाचा वेग त्याच्या दुप्पट.

काचेच्या जागी जाळी आणि आत हवा घेणारा एक १२० मिलिमीटरचा पंखा कायम झाला. खर्च पाचशे रुपयांच्या आतबाहेर. त्याचा फायदा रॅमपेक्षा ग्राफिक्स कार्डाला आणि त्याच्याखाली दबलेल्या एम.२ एसएसडीला (फाइली साठवणाऱ्या चपट्या पट्टीला) जास्त झाला. एसएसडीला चपटं हीटसिंक लावणं मात्र खरोखर उपयोगाचं. तिची बरीचशी उष्णता एका कंट्रोलर चिपमधून येते आणि ती तापली की लिहिण्याचा वेग आपोआप पडतो. कवचावर पैसे घालायचेच होते तर ती जागा तिथे होती.

पत्र्यावर वरून पांढरा चुना मारला आणि आत थर्माकोलचं छत केलं की दुपारी खोली काही अंशांनी उतरते, आणि खोलीचा प्रत्येक अंश मशीनमधल्या प्रत्येक भागाला जवळजवळ जसाच्या तसा मिळतो. कुलर खोलीत राहू द्या, पण झोत मशीनवर नको आणि खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट हवा तिथेच फिरत राहते. लाईट गेली आणि मशीन यूपीएसवर असेल तर कुलर बंद होतो आणि मशीन चालूच राहतं. दुपारच्या लोडशेडिंगमध्ये खोली झपाट्याने तापते, तेव्हा मोठं एक्स्पोर्ट थांबवलेलं बरं.

कवच कुठे खरंच लागतं

१९९९ च्या सुमाराला आलेल्या रॅम्बसच्या काड्यांना कवच सक्तीचंच होतं, कारण त्या रचनेत एका वेळी काम एकाच चिपवर एकवटत असे. पुढे सर्व्हरमधल्या एफबी-डिम काड्यांवर मधोमध एक स्वतंत्र नियंत्रक चिप होती, ती एकटीच कित्येक वॅट खायची. तिथेही कवच न लावण्याचा प्रश्नच नव्हता. उष्णता एका जागी गोळा होत असेल तर ती पसरवणारा धातू हवाच. आजच्या सर्व्हरच्या मोठ्या काड्या मात्र बहुतेक उघड्याच असतात, कारण तिथे पंखे काड्यांच्या लांबीच्या दिशेने जोराची हवा फेकतात. लॅपटॉपच्याही उघड्याच.

डीडीआर५ मध्ये व्होल्टेज नियंत्रित करणारी चिप बोर्डावरून काडीवर आली आहे. १.१ व्होल्टच्या साध्या डीडीआर५ ला कवच नसलं तरी चालतं. ६००० किंवा त्यापुढचा वेग, १.३५ ते १.४ व्होल्ट, आणि वरून पत्रा, असं असेल तर कवचवाली घ्या, पण त्या नियंत्रक चिपवर पॅड (कवचापर्यंत उष्णता नेणारी पट्टी) आहे का ते पाहून. वर आरजीबीची (रंगीत दिव्यांची) पट्टी असेल तर ती स्वतः थोडी उष्णता घालते, आणि काडीची उंची ४५-५० मिलिमीटरवर गेली की मोठ्या एअर कुलरच्या पंख्याला अडते. कुलरची मापं आधी पाहावीत.

स्वस्तात मिळणाऱ्या अनोळखी कवचवाल्या रॅमबद्दल एवढंच: कवचाखाली कोणत्या चिप आहेत हे तुम्हाला दिसत नाही. घेतल्या दिवशीच दुपारच्या उन्हात मेमटेस्टच्या चार फेऱ्या लावाव्यात, परत करायची मुदत संपण्याआधी.

काढलेल्या दोन जुन्या काड्या खाली काउंटरवरच्या बिलिंगच्या मशीनमध्ये गेल्या, २६६६ आणि १.२ व्होल्टवर, एकीवर कवच आणि एक उघडी. वरच्या पंख्याची जाळी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी ब्रशने झाडायची, सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत दर आठवड्याला.